कोऱ्या रकान्याचे करायचे काय?

१८ एप्रिल २०१९ रोजी हैदराबादेत तेलंगणाच्या इंटरमीजिएट शिक्षण मंडळाने निकाल जाहीर केला. इंटरमीजिएट म्हणजे आपली अकरावी-बारावी. नऊ लाखांहून अधिक मुले परीक्षेला बसली होती आणि त्यांतली तीन लाखांहून अधिक नापास ठरली. दोन-चार दिवसांतच नामपल्लीतल्या मंडळाच्या कार्यालयासमोर पालकांची गर्दी होऊ लागली, कारण निकालपत्रांत भलत्याच गोष्टी दिसत होत्या. पेपर दिलेली काही मुले गैरहजर दाखवली गेली होती. मंचेरियल जिल्ह्यातल्या एका मुलीला तेलुगूत शून्य गुण होते. उत्तरपत्रिका पुन्हा पाहिली तेव्हा ते ९९ निघाले. त्या दिवसांत वीसहून अधिक विद्यार्थ्यांच्या आत्महत्यांच्या बातम्या आल्या. त्या सगळ्या मृत्यूंचे कारण एखाद्या तांत्रिक चुकीवर ढकलणे योग्य होणार नाही, पण त्यामुळे प्रश्नाचे गांभीर्य कमी होत नाही. सरकारला त्रिसदस्यीय समिती नेमावी लागली आणि नापास झालेल्या सर्वांच्या उत्तरपत्रिका विनाशुल्क पुन्हा तपासण्याचा आदेश काढावा लागला.

शून्याचे ९९ झाले त्या प्रकरणाची चौकशी झाली तेव्हा दोष परीक्षकाचा निघाला. गुणांच्या ओएमआर पत्रिकेवर ९९ ची वर्तुळे काळी करण्याऐवजी ०० ची केली गेली होती. म्हणजे संगणकाने तिथे काही बिघडवले नव्हते. त्याला शून्य दिले, त्याने शून्य छापले. पण परीक्षकाच्या पेन्सिलीपासून निकालाच्या संकेतस्थळापर्यंत त्या शून्याने एवढा मोठा प्रवास केला आणि वाटेत त्याला कोणी हटकले नाही, हे लक्षात घेण्यासारखे आहे. संगणकाच्या दृष्टीने शून्य हा ४७ किंवा ८३ इतकाच सभ्य आकडा आहे. त्याच्यावर संशय घ्यायचा तर शून्याचा अर्थ फक्त आणि फक्त ‘तपासले, एकही गुण मिळाला नाही’ एवढाच असला पाहिजे. ज्या व्यवस्थेत शून्य हे ‘मुलगा आलाच नव्हता’, ‘आकडा अजून पोहोचला नाही’ किंवा ‘वाचता आला नाही’ यांपैकी कशाचेही सोंग घेऊ शकते, तिथे शून्यांची गर्दी होते, आणि गर्दीतल्या एका शून्याकडे कोण पाहणार?

पुस्तकाच्या या प्रकरणात मांडायचे आहे ते असे. डेटाबेसमधला कोरा रकाना, ज्याला तिथे ‘नल’ म्हणतात, ही किंमत नाही. आपल्याला काय माहीत आहे आणि काय नाही याबद्दलचे ते विधान आहे. अ‍ॅप्लिकेशनचा कोड लिहिणाऱ्याचे काम ते विधान जसेच्या तसे पुढे नेण्याचे आहे. ज्याला निर्णयाचा अधिकार आहे त्याच्यापर्यंत ते पोहोचले पाहिजे. वाटेत सोय म्हणून त्याचे शून्य, रिकामी अक्षरे किंवा एखादी खोटी तारीख करणे हा अधिकाराबाहेरचा निर्णय आहे. आणि कार्यक्षमता म्हणून जे काही म्हणतात, ती नलचे काय करायचे हे एकदा, एकाच ठिकाणी, डेटाबेस आणि कोड यांच्या सीमेवर ठरवण्यात आहे.

आपल्या सरकारी दप्तराला हा फरक संगणकाच्या कितीतरी आधीपासून ठाऊक आहे. तालुक्याहून जिल्ह्याला जाणाऱ्या साथरोगाच्या अहवालात या आठवड्यात एकही रुग्ण नसेल तर कारकून रकाना मोकळा सोडत नाही, ‘निरंक’ लिहितो. जिथे प्रश्नच उद्भवत नाही तिथे ‘लागू नाही’ लिहितो. ज्या तालुक्याचा अहवालच आला नाही त्याच्यापुढे ‘अप्राप्त’ असा शेरा पडतो आणि मग त्या तालुक्याला स्मरणपत्र जाते. या तीन शेऱ्यांवर तीन वेगळ्या कृती होतात. संगणकीकरणात या तिन्हींची मिळून एक रिकामी चौकट झाली, आणि अनेक ठिकाणी त्या चौकटीत आपोआप शून्य बसले. प्रगतीचा हा भाग फारसा अभिमानाने सांगण्यासारखा नाही.

नलची कल्पना मात्र आळसातून आलेली नव्हती. आयबीएममधले गणितज्ञ एडगर कॉड यांनी १९७० मध्ये आजच्या बहुतेक डेटाबेसचा पाया असलेला संबंधाधारित आराखडा मांडला आणि १९७९ च्या निबंधात नसलेल्या माहितीसाठी नल आणि त्याचे तर्कशास्त्र विस्ताराने सांगितले. त्यापूर्वी हरहुन्नरी प्रोग्रामर गहाळ वयासाठी ९९, गहाळ तारखेसाठी सगळे नऊ, असे आपापले संकेत वापरत. एकाचा संकेत दुसऱ्याला कळत नसे, आणि ९९ वर्षांचा खराखुरा म्हातारा आला की घोटाळा होई. कॉड यांचे म्हणणे असे की नसलेली माहिती दाखवण्याची पद्धत सर्वत्र एकच असावी आणि ती डेटाबेसने सांभाळावी. १९८५ मध्ये मांडलेल्या त्यांच्या प्रसिद्ध नियमांतला तिसरा नियम हाच आहे. त्याची किंमत म्हणून खरे आणि खोटे यांच्या जोडीला तिसरे उत्तर आले: अज्ञात. अज्ञात गुण ३५ पेक्षा कमी आहेत का? अज्ञात. ३५ किंवा जास्त आहेत का? तेही अज्ञात. एक अज्ञात दुसऱ्या अज्ञाताबरोबर समान आहे का? तेसुद्धा अज्ञात, आणि इथे नवशिक्या प्रोग्रामरला पहिली ठेच लागते.

या तर्काचे परिणाम निकालाच्या तक्त्यावर पडताळून पाहावेत. ३५ किंवा जास्त गुण असलेल्यांची एक यादी काढली आणि ३५ च्या खाली असलेल्यांची दुसरी, तर ज्यांचे गुण नल आहेत ती मुले दोन्ही याद्यांत नसतात. उत्तीर्ण आणि अनुत्तीर्ण यांची बेरीज एकूण संख्येइतकी येत नाही, आणि बेरीज करून पाहण्याची तसदी कोणी घेतली नाही तर मुले गायब झाल्याचे कळतही नाही. गैरहजरांच्या यादीत ज्यांचा क्रमांक नाही अशी मुले शोधणारी क्वेरी लिहिली आणि त्या गैरहजरांच्या यादीत एखादा क्रमांक चुकून नल राहिला, तर उत्तरादाखल एकही मूल मिळत नाही. कारण ‘हा क्रमांक त्या अज्ञात क्रमांकाहून वेगळा आहे का’ या प्रश्नाचे उत्तर प्रत्येक मुलासाठी ‘अज्ञात’ येते. सरासरी काढताना डेटाबेस नल वगळतो. चाळीस मुलांच्या वर्गात दोघे गैरहजर असतील तर भागाकार ३८ ने होतो. त्याच दोघांना कोडने शून्य दिले असेल तर ४० ने. दोन्ही सरासरींचे समर्थन करता येते, फक्त ती निवड मंडळाने केली की रात्री अकरा वाजता एखाद्या प्रोग्रामरने, एवढाच प्रश्न आहे.

सगळ्यात फसवी गंमत बेरजेत आहे. प्रत्येक विषयाचा एक स्वतंत्र स्तंभ असेल आणि तेलुगू अधिक इंग्रजी अधिक गणित अशी आडवी बेरीज केली, तर एक विषय नल असताना पूर्ण बेरीज नल होते. तेच गुण प्रत्येक विषयाची एक ओळ अशा रचनेत ठेवले आणि ‘सम’ हे फंक्शन वापरले, तर ते नल ओळ गुपचूप वगळते आणि उरलेल्यांची बेरीज देते. तोच विद्यार्थी, तेच गुण. तक्ता आडवा की उभा यावर त्याला एकूण गुण मिळतात किंवा मिळत नाहीत. शिवाय एकही ओळ नसेल तर ‘सम’ शून्य देत नाही, नल देते, आणि ‘काउंट’ मात्र शून्य देते. एसक्यूएल या डेटाबेसच्या भाषेचे प्रमाणीकरण समित्यांमधून झाले आहे, हे अशा जागी जाणवते.

आता सीमेकडे येऊ. डेटाबेसमधून ओळ निघते आणि जावा, सी शार्प, गो किंवा पायथनमध्ये लिहिलेल्या कोडमध्ये शिरते. डेटाबेसच्या पूर्णांकाच्या स्तंभात नल असू शकतो, पण जावाच्या साध्या पूर्णांकात ‘काही नाही’ ठेवायला जागाच नाही. तिथे आकडा असावाच लागतो. मग १९९७ पासून जावासोबत येणाऱ्या जेडीबीसी या जोडणीने काय केले? पूर्णांक वाचणारी तिची ‘गेटइंट’ ही आज्ञा रकान्यात नल असेल तर शून्य परत देते. हा बग नाही. तिच्या अधिकृत माहितीत तसे स्वच्छ लिहिले आहे. मिळालेले शून्य खरे होते की नलचे होते हे जाणून घ्यायचे तर लगोलग ‘वॉजनल’ विचारायचे. न विचारल्यास काहीच कोसळत नाही, कुठलाही इशारा येत नाही, गैरहजर विद्यार्थ्याला शून्य गुण मिळतात आणि प्रोग्राम पुढच्या ओळीकडे जातो. २०१९ च्या निकालात असे घडले असे इथे सुचवायचे नाही. पण परीक्षेसारख्या कामात असे घडायला एवढे पुरते, हे सांगायचे आहे.

मायक्रोसॉफ्टच्या डॉटनेटने उलटा मार्ग घेतला. मायक्रोसॉफ्टचे भारतातले विकास केंद्र १९९८ पासून हैदराबादेत आहे आणि डॉटनेटवर पोट भरणाऱ्या प्रोग्रामरांची या शहरात वाण नाही, त्यामुळे पुढची तक्रार गच्चीबावलीच्या चहाच्या टपरीवरही ओळखीची वाटेल. डॉटनेटमध्ये डेटाबेसच्या नलसाठी ‘डीबीनल’ नावाची वेगळी वस्तू आहे आणि ती भाषेच्या स्वतःच्या नलहून निराळी आहे. नल असलेला पूर्णांक थेट वाचायला गेले तर प्रोग्राम अपवाद फेकतो, म्हणजे आरडाओरडा करून थांबतो. गो भाषाही नल साध्या अक्षरमालेत ओतू देत नाही, त्रुटी देते. पायथनच्या पांडाज या संचात पूर्णांकांच्या स्तंभात एक जागा रिकामी निघाली की, वेगळे सांगितले नसेल तर, सगळा स्तंभ दशांशाचा होतो आणि बैठक क्रमांकापुढे ‘.०’ लागलेले दिसते. प्रोग्रामर डॉटनेटला शिव्या घालतात आणि जेडीबीसीला सोयीस्कर म्हणतात. माझ्या मते उलट हवे. ओरडणारी चूक दुपारपर्यंत दुरुस्त होते. गप्प बसणारी चूक निकालाच्या दिवशी लोकांच्या घरी पोहोचते.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. टोनी होअर यांनी १९६५ मध्ये अल्गोल डब्ल्यू या भाषेसाठी नल संदर्भाची सोय केली आणि २००९ मध्ये लंडनच्या एका परिषदेत तिला आपली अब्ज डॉलरची चूक म्हटले. ‘नल वाईटच, स्वतः होअर म्हणाले’ हा युक्तिवाद तेव्हापासून डेटाबेसच्या चर्चेतही फेकला जातो. पण होअर यांचा नल म्हणजे कुठेच न दाखवणारा बाण आहे. त्याच्या मागे गेले की प्रोग्राम कोसळतो. कॉड यांचा नल म्हणजे माहितीची कबूल केलेली उणीव. पहिला यंत्राच्या अंतर्गत कारभाराचा भाग आहे, दुसरा बाहेरच्या जगाबद्दल काही सांगतो. अ‍ॅप्लिकेशनच्या कोडमध्ये दोघे एकाच नावाने वावरतात, म्हणून पहिल्यावरचा राग दुसऱ्यावर निघतो. सी शार्पमध्ये २००५ पासून ‘पूर्णांक किंवा काही नाही’ असा प्रकार आहे, २०१९ मध्ये त्यात संदर्भांसाठीही तशी तपासणी आली; जावात २०१४ पासून ‘ऑप्शनल’ आहे. काही नसण्याची शक्यता या सगळ्यांत प्रकारातच लिहिलेली असते आणि तिचा विचार न करणाऱ्याला कोड लिहितानाच हटकले जाते. होअर यांच्या पश्चात्तापातून निघालेली ही औषधे कॉड यांच्या नललाही नीट लागू पडतात.

वेगाचा आक्षेप इथे येतोच: लाखो ओळी वाचताना प्रत्येक रकान्यापाशी ‘नल आहे का’ विचारत बसले तर वेळ जाणार नाही का? जाणार नाही. ती तपासणी म्हणजे एक साधी तुलना. पोस्टग्रेससारखा डेटाबेस ओळीत नल असेल तर तिच्या माथ्यावर दर स्तंभामागे एक बिट ठेवतो आणि नल रकान्याच्या मजकुरासाठी जागा खर्च करत नाही. त्या ओळीत नल नसेल तर तो बिटांचा पट्टाही नसतो. खरा वेळ दोन ठिकाणी जातो. एक, न विचारता वाचायचे आणि फेकलेला अपवाद पकडून सावरायचे, अशी लिहिलेली कोडची लकब. अपवाद उभारणे साध्या तुलनेच्या कित्येक पट महाग असते आणि लाखो ओळींत ते चांगलेच जाणवते. दोन, शोधाच्या अटीतच नलच्या जागी शून्य धरणारे ‘कोअलेस’ लावणे. त्यामुळे त्या स्तंभावर तयार केलेला साधा निर्देशांक बहुधा निकामी होतो आणि डेटाबेस पूर्ण तक्ता चाळत बसतो. नलला शून्य मानण्याची घाई अशी वेगालाही मारक ठरते. म्हणून नीट रचलेल्या कोडमध्ये ओळ वाचणारे एकच ठिकाण असते. तिथे प्रत्येक रकान्याला एकदा विचारले जाते आणि पुढे आत जाते ती वस्तू ‘गुण आहेत’ किंवा ‘गुण नाहीत, कारण अमुक’ असे स्पष्ट सांगणारी असते. त्यानंतर हजार ओळींच्या कोडमध्ये पुन्हा पुन्हा ‘नल तर नाही ना’ विचारण्याची गरज उरत नाही. असे प्रश्न जागोजागी विखुरलेले दिसले की समजावे, सीमेवर कोणी ठरवलेच नाही.

नलऐवजी भरलेल्या खोट्या किमतींचे आयुष्य किती लांब असते याचा पुरावा हैदराबादच्या तरुणांच्या कागदपत्रांत सापडतो. तेलुगू रीतीत घराण्याचे नाव, इंटिपेरु, आधी येते आणि अनेकदा एका आद्याक्षरापुरतेच उरते. कित्येकांच्या पासपोर्टवर आडनावाचा रकाना कोरा असतो. नाव, वडिलांचे नाव, आडनाव असे तीन रकाने सहज भरणाऱ्या मराठी माणसाला ही अडचण चटकन कळत नाही. अमेरिकेच्या व्हिसाच्या पद्धतीत आडनाव रिकामे चालत नाही, म्हणून एकच नाव असलेल्याचे नाव आडनावात टाकतात आणि पहिल्या नावाच्या जागी ‘एफएनयू’ लिहितात. पहिले नाव अज्ञात, अशा अर्थाच्या इंग्रजी शब्दांची ती आद्याक्षरे. हैदराबादेत अमेरिकेचा वाणिज्य दूतावास २००८ पासून आहे आणि तिथून शिकायला जाणाऱ्यांचा ओघ मोठा. व्हिसावर शेरा म्हणून आलेली ही तीन अक्षरे पुढे चालकपरवान्यावर, बँकेच्या खात्यावर, पगाराच्या चिठ्ठीवर माणसाचे पहिले नाव बनतात. नल राहिला असता तर पुढच्या व्यवस्थेला कळले असते की इथे काही नाही. ‘एफएनयू’ मात्र तिला नावच वाटते. उलट बाजूचे उदाहरण कॅलिफोर्नियातले. तिथल्या एका संगणक-सुरक्षा संशोधकाने गंमत म्हणून गाडीच्या पाटीवर ‘नल’ अशी इंग्रजी अक्षरे घेतली, आणि ज्या दंडपावत्यांवर गाडीचा क्रमांक भरलेला नव्हता त्या त्याच्या नावावर जमा होऊ लागल्या. २०१९ मध्ये त्याने हे जाहीर सांगितले तेव्हा रक्कम बारा हजार डॉलरच्या वर गेली होती.

महाराष्ट्राला या बाबतीत कोणाकडे बोट दाखवण्याचा अधिकार नाही. १ जून ही जन्मतारीख असलेल्यांची आपल्याकडची संख्या निसर्गाने ठरवलेली नाही. शाळेत नाव घालताना जन्माची नोंद नसली की गुरुजी शाळा सुरू होण्याच्या बेताची तारीख टाकत, म्हणजे सहा वर्षे पुरी झाल्याचा हिशेब जुळे. गुरुजींची ती तडजोड समंजस होती. रकाना कोरा ठेवला असता तर पोर शाळेबाहेर राहिले असते. पण ‘ही तारीख अंदाजाची आहे’ ही टीप कुठेही जपली गेली नाही, आणि अंदाज कायद्याने सत्य झाला. त्याचा हिशेब दरवर्षी ३१ मे रोजी चुकता होतो. एक तारखेला जन्मलेला सरकारी कर्मचारी आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्त होतो, त्यामुळे त्या एका दिवशी राज्यात निवृत्तांची रांग लागते. आधारच्या नोंदणीत निदान जन्मतारीख कागदाने सिद्ध, सांगितलेली की अंदाजे, अशी वर्गवारी ठेवली आहे. पण ती वर्गवारी आधारच्या पलीकडच्या अ‍ॅपपर्यंत क्वचितच पोहोचते. तिथे तारखेचा रकाना भरलेला हवा असतो आणि वर्षाला १ जानेवारी चिकटवली जाते.

नलचे सगळ्यात कडवे विरोधक डेटाबेसच्या क्षेत्रातलेच आहेत. ख्रिस डेट यांनी कॉड यांच्या आराखड्याचा आयुष्यभर प्रसार केला, पण नल त्यांना मुळीच मान्य नाही. त्यांचा मुद्दा असा की तक्त्यातली प्रत्येक ओळ हे एक सत्य विधान असते आणि ‘अमक्याचे गुण काहीतरी आहेत किंवा नाहीत’ हे विधानच नव्हे. ज्यांचे गुण माहीत आहेत त्यांचा एक तक्ता करा, गैरहजरांचा वेगळा, गुण यायचे आहेत त्यांचा तिसरा. मग नलची गरजच पडणार नाही. हा आक्षेप ताकदीचा आहे आणि त्यातला अर्धा भाग मी निमूटपणे स्वीकारतो. स्तंभ तयार करताना ‘नल चालणार नाही’ हीच सुरुवात असावी आणि नलला परवानगी देणाऱ्याने कारण सांगावे. पण तीन तक्ते केले तरी निकालपत्र एकच छापायचे असते. सगळ्या विद्यार्थ्यांना त्यांच्या गुणांशी जोडणारी बाह्य जोडणी केली की ज्यांची ओळ गुणांच्या तक्त्यात नाही त्यांच्यापुढे नल पुन्हा हजर होतो. साठवणुकीतून काढलेला नल उत्तरातून परत येतो, म्हणजे कोडच्या सीमेवरचे काम टळत नाही. शिवाय तीन तक्त्यांची रचना वेळेच्या घाईत काम करणाऱ्या सरकारी ठेकेदाराकडून टिकवून घेणे ही वेगळीच परीक्षा आहे.

दुसरे टोकही आहे. १९७५ मध्ये अमेरिकेतल्या एका मानक समितीच्या अहवालात नलचे चौदा प्रकार नोंदवले होते. स्वतः कॉड यांनी १९९० मध्ये ‘लागू आहे पण माहीत नाही’ आणि ‘लागूच नाही’ अशा दोन वेगळ्या खुणा सुचवल्या, त्यासाठी चार उत्तरांचे तर्कशास्त्र मांडले, आणि ते बाजारात कोणी घेतले नाही. घेतले नाही हे बरे झाले. किती प्रकार वेगळे करायचे याची कसोटी तत्त्वज्ञानाची नसून व्यवहाराची आहे: ज्या दोन कारणांवर कोणाची तरी कृती वेगळी होणार आहे, ती दोन वेगळी ठेवावीत. गैरहजर विद्यार्थ्याला पुरवणी परीक्षेचा अर्ज द्यायचा असतो, गुण न पोहोचलेल्यासाठी परीक्षा केंद्राला फोन करायचा असतो, राखीव निकालाची फाइल चौकशी समितीकडे जाते. तीन कृती, तीन कारणे. ओरॅकलने रिकामी अक्षरमाला आणि नल एकच मानले, तेव्हा ‘आडनाव नाही हे माहीत आहे’ आणि ‘आडनाव काय ते माहीत नाही’ यांतला फरक त्याच्या तक्त्यांतून पुसला गेला. तेलुगू नावांच्या देशात तो फरक कामाचा होता.

नोंदच नसणे हा नलचा सगळ्यात मोठा नमुना, आणि त्यावर हैदराबाद आणि मराठी वाचक एकाच पानावर येतात. रेमंड रायटर यांनी १९७८ मध्ये ‘बंद जग’ नावाचे गृहीतक मांडले: तक्त्यात जे नाही ते खोटे मानायचे. रेल्वेच्या वेळापत्रकाला ते शोभते. वेळापत्रकात नसलेली गाडी धावत नाही. जुन्या महसुली दप्तराला ते शोभत नाही, कारण ते दप्तर पूर्ण आहे असे कोणी कधी म्हटलेले नाही. मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता, त्यामुळे तिथल्या कुणबी नोंदींचा शोध घ्यायला २०२३ मध्ये नेमलेल्या न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीला हैदराबादच्या दप्तरांपर्यंत जावे लागले, आणि २ सप्टेंबर २०२५ च्या शासन निर्णयात हैदराबाद गॅझेटचा आधार घेतला गेला. मराठा आरक्षणाच्या त्या वादात कोणाची बाजू बरोबर, हा या पुस्तकाचा विषय नाही. पण पडताळणीचे सॉफ्टवेअर लिहिणाऱ्याला एक गोष्ट ठरवावीच लागते: शोधल्यावर नोंद मिळाली नाही, तर पडद्यावर ‘कुणबी नाही’ दाखवायचे की ‘नोंद आढळली नाही, अमुक गावाची अमुक वर्षांची कागदपत्रे तपासली’ असे? पहिले उत्तर कोडमध्ये एका शब्दाने लिहिता येते, आणि तहसील कार्यालयात कोणाला तरी दाखला नाकारला जातो. दुसऱ्यासाठी शोधाची व्याप्तीही साठवावी लागते. काम वाढते, हे खरेच.

मग गुणांचा तक्ता कसा असावा? गुणांच्या स्तंभाला नलची परवानगी हवी, आणि शेजारी स्थितीचा एक स्तंभ हवा: ‘गुण प्राप्त’, ‘गैरहजर’, ‘येणे बाकी’, ‘राखीव’. ‘येणे बाकी’ची एकही ओळ शिल्लक असेपर्यंत निकाल जाहीर करणारी आज्ञा चालूच नये. ‘गुण प्राप्त’ आणि आकडा शून्य, अशा ओळी वेगळ्या काढून माणसाच्या नजरेखालून जाव्यात. परीक्षकाने चुकून ०० काळे केले असेल तर ती चूक कुठलाही नल थोपवणार नाही, पण शून्यांची गर्दी हटली की ती हाताने पकडण्याइतकी थोडी उरते. स्थिती ‘गुण प्राप्त’ असेल तर आकडा हवाच आणि इतर स्थितींत तो नसावाच, हा नियम कोडवर न सोडता डेटाबेसलाच सांगावा. तो सांगताना मात्र एक खाच लक्षात ठेवावी लागते. शोधाच्या अटीत अज्ञात उत्तर आले तर डेटाबेस ओळ बाहेर ठेवतो. तक्त्यावरच्या ‘चेक’ नियमात अज्ञात उत्तर आले तर तो ओळ आत घेतो, कारण नियम मोडला असे खात्रीने म्हणता येत नाही. त्यामुळे स्थितीचा रकानाच नल राहिला तर नियमाचे उत्तर खोटे न येता अज्ञात येऊ शकते आणि कुठलाही आकडा, किंवा आकड्याचा अभाव, बिनबोभाट आत शिरतो. गुणांच्या स्तंभाला नल चालेल. स्थितीच्या स्तंभावर ‘नल चालणार नाही’ लिहिणे भाग आहे.